निसर्गातून सांधे, मोफत

गेल्या एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता बोर्डीच्या एका चिकूवाडीत वास्तुरचनेची कार्यशाळा होती. बारा माणसं अपेक्षित होती. त्रेसष्ट आली. त्यातल्या एकसष्ट जणांचे गुडघे दुखत होते.

चूक माझी होती.

मुंबईच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं डेस्कवर काढली. बातम्या कापणं, मथळे देणं, दुसऱ्यांच्या वाक्यांतले 'अत्यंत' आणि 'प्रचंड' खोडणं हे माझं काम. निवृत्त झाल्यावर बोर्डीजवळच्या चिखल्याला येऊन राहिले. त्या चिकूवाडीत मुंबईची एक तरुण वास्तुविशारद मांडव बांधत होती. मांडव बांबूचा, पण बांबू जिथे एकमेकांना भेटतात तिथले सांधे नायलॉनचे, मशीनवर छापलेले. त्यांचे आकार तिने झाडांच्या फांद्या, खेकड्याचे पाय आणि हाडं यांच्यावरून घेतले होते. हे लोकांना दाखवावं असं तिला वाटलं. पत्रक तिने स्वतःच मराठीत लिहून माझ्याकडे पाठवलं: 'काकू, जरा बघता का?'

तिचा मथळा असा होता: 'स्थापत्य व औद्योगिक संरचनेतील निसर्गप्रेरित सांधे : एक प्रात्यक्षिकाधारित परिसंवाद'.

एका ओळीत न मावणारा मथळा बघितला की माझा हात शिवशिवतो. मी 'स्थापत्य' काढलं. 'औद्योगिक' काढलं. 'संरचना' हा शब्द मी नोकरीतही कधी छापू दिला नव्हता. उरलं ते मोठ्या टाइपात एका ओळीत बसलं: 'निसर्गातून सांधे'. त्याखाली तितक्याच मोठ्या टाइपात 'मोफत मार्गदर्शन'. त्याखाली वेळ, जागा, आणि बांबू उचलायचे असल्यामुळे एक सूचना: 'प्रात्यक्षिक असल्याने सैल कपडे घालून यावे.'

वास्तुविशारद म्हणाली, "वा काकू, किती सुटसुटीत!"

पत्रक चिखल्याच्या किराणा दुकानात लागलं, घोलवड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर लागलं. भाजीच्या टेम्पोवाल्याने एक गठ्ठा तलासरीच्या बाजारात पोचवला. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. तीन दिवसांनी मलाही तो एका नातेवाइकाकडून आला. खाली ओळ होती: 'तुझ्या जवळच आहे, चुकवू नकोस.' तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना फाटकाबाहेर चार रिक्षा आणि एक ट्रॅक्टर उभा होता. सात जणांनी एक्स-रे आणले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक स्टेशन मास्तर फाइल घेऊन आले होते आणि नंबर कुठे लावायचा ते विचारत होते. खुर्च्या बाराच होत्या. त्या ज्यांना बसता येत होतं त्यांनी घेतल्या, कारण ज्यांचे गुडघे खरोखर वाईट होते ते उभेच राहणार होते. सगळ्यांचे कपडे सैल होते.

वास्तुविशारद गर्दी बघून खूश झाली. गावात डिझाइनबद्दल एवढी भूक असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने पडदा लावला आणि बोलायला सुरुवात केली.

"निसर्गात काटकोन नसतो," ती म्हणाली.

"बराबर आहे," पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले. "माझा पण होत नाय. इथवर येतो आणि अडकतो." त्यांनी पाय उचलून दाखवला.

हे आजोबा तलासरी तालुक्यातल्या झरीहून आले होते. सत्तरीचे, सडपातळ, गुलाबी शर्ट, आणि शर्टाच्या खिशात घडी केलेलं पत्रक. शेजारी त्यांची बायको बसली होती. दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलत आणि आमच्याशी बाजाराच्या मराठीत. त्यांची बोली मला अर्धीच कळते. इथे मी तेवढंच लिहिलं आहे जे माझ्याशी किंवा माझ्यासमोर मराठीत बोललं गेलं.

"सांध्यावर भार आला की तो एका जागी साठू द्यायचा नाही," वास्तुविशारद म्हणाली. "पसरवायचा."

"पसरला की उठवत नाय, बाई," मागून एक भाजीवाली म्हणाली.

मग पडद्यावर मांडीच्या हाडाचा उभा छेद आला. सगळे पुढे झुकले. ज्यांना चष्मे होते त्यांनी ते काढून पुसले. हाडाच्या आत कशी जाळी असते, जिथे भार जास्त तिथे जाळी कशी दाट होत जाते, हे तिने लेझरच्या लाल ठिपक्याने दाखवलं. आतापर्यंतचा हा सर्वांत चांगला भाग होता, असं नंतर पुष्कळांनी मला सांगितलं.

स्टेशन मास्तरांनी हात वर केला. "मॅडम, माझी जाळी विरळ झाली आहे असं डॉक्टर म्हणतात. ती पुन्हा दाट कशी करायची?"

"आम्ही प्रिंट करतो," ती म्हणाली. "नायलॉनमध्ये."

स्टेशन मास्तरांनी ते फाइलवर लिहून घेतलं.

"चाळीस मिलिमीटरचा एक छापायला साडेतीन तास लागतात," ती पुढे म्हणाली. "पण मग पन्नास किलो आरामात उचलतो."

"माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे," स्टेशन मास्तर म्हणाले.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पत्रकाकडे पाहिलं.

आमच्या दैनिकात शुद्धिपत्र आतल्या पानावर, खाली, डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांत बारीक टाइपात जायचं. तशी मी शेकड्यांनी लावली असतील. उभं राहून, माणसांच्या तोंडाकडे बघत शुद्धिपत्र वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. मी सांगितलं की हे सांधे माणसाचे नाहीत, बांधकामाचे आहेत. मार्गदर्शन मोफत आहे, पण बांबूचं. चूक मथळ्याची आहे आणि मथळा माझा आहे.

मग भाजीवाली म्हणाली, "पण ते हाड खरं होतं ना?"

"खरं होतं."

"मग ठीक आहे. बघू पुढचं."

कोणीही उठून गेलं नाही. त्याचं एक कारण असं की रिक्षा साडेबाराला परत यायच्या होत्या. एक रिक्षावाला परतीचं भाडं सुटू नये म्हणून पहिल्यापासून आतच बसला होता. गुडघे न दुखणाऱ्या दोघांपैकी तो एक.

पुढे प्रात्यक्षिक होतं. वास्तुविशारदाने झाडाच्या फांदीसारखा दिसणारा पांढरा सांधा हातात घेतला आणि त्यात बांबू सरकवायला सांगितलं. सांध्याचं छिद्र चाळीस मिलिमीटरचं होतं. बांबूचं एक टोक अडतीसचं आणि दुसरं पंचेचाळीसचं. दुसरा बांबू दोन्हीकडून एक्केचाळीस होता आणि मध्ये वाकडा. अठरा बांबू तपासले. दोन बसले. त्यातला एक बसला तो निघेना.

"तासून घ्या थोडा," रिक्षावाला म्हणाला.

"नाही, नाही," ती म्हणाली. "बांबूची ताकद सालीजवळ असते. तासला की कमजोर होतो."

"मग भोक तासा."

"नायलॉन तासला की त्याचं गणित बिघडतं."

"मग निसर्गाला सांगा सरळ उगवायला," आजोबा म्हणाले. लोक हसले. ती पण हसली. या गोष्टीसाठी मी तिला तेव्हाच गुण दिले.

गुडघे न दुखणारी दुसरी व्यक्ती म्हणजे आजोबांची बायको. सगळे सरबत प्यायला उठले तेव्हा आजी पुढे आल्या आणि वास्तुविशारदाला म्हणाल्या, "माझा सांधा घरी आहे. उचलून आणता नाय आला."

"कोणाचा?" मी विचारलं. मला वाटलं कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे.

"मेढीचा."

वास्तुविशारदाला वाटलं मेढी हे कोणाचं नाव आहे. तिने विचारलं, "वय काय त्यांचं?"

"मोठ्या पोराच्या जन्माची आहे. बेचाळीस."

"आणि चालता येतं?"

आजींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चालली असती तर मीच घराबाहेर पळाले असते, पोरी. मेढ आहे ती. घराची. मधली."

मेढ म्हणजे वर बेळकं असलेला खांब. बेळकं म्हणजे झाडाला जिथे दोन फांद्या फुटतात तो भाग. झाड तिथेच वर कापतात, सोलतात, जमिनीत पुरतात, आणि दोन फांद्यांच्या मध्ये आढं ठेवतात. आढ्यावर सगळं छप्पर. खिळा नाही, बोल्ट नाही. वास्तुविशारदाच्या सादरीकरणात एकोणिसावी स्लाइड नेमकी याचीच होती: झाडाचं बेळकं, त्यावरून घेतलेला नायलॉनचा सांधा, खाली इंग्रजीत लांबलचक नाव. आजींनी ती स्लाइड बघितली होती.

"ते पांढरं जे दाखवलं," त्या म्हणाल्या, "ते माझ्या घरात ऐनाच्या लाकडाचं आहे. आणि ते फाटतंय."

"काय फाटत-बिटत नाय," आजोबा सरबताचा ग्लास घेऊन आले. "बेचाळीस वर्षं उभी आहे. हिला रोज सकाळी भेग दिसते. माझ्या गुडघ्याचं बोला. इथं लिहिलंय ना." त्यांनी खिशातून पत्रक काढलं आणि 'मोफत'वर बोट ठेवलं. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत आणि तो शब्द त्यांना नीट वाचता येत होता.

आजींचा प्रश्न साधा होता. मेच्या मध्यात नातीचं लग्न होतं. लग्नाचा चौक त्यांच्यात घराच्या आतल्या भिंतीवर काढतात, तांदळाच्या पिठाने, आणि आजींच्या घरातली ती भिंत मेढीला टेकून आहे. त्यांच्या स्वतःच्या सुनेचा चौक तिथेच निघाला होता. पण वापीच्या कारखान्यात फिटर असलेला मुलगा, म्हणजे नवरीचा बाप, म्हणत होता की फाटक्या मेढीखाली चाळीस बायका बसवायच्या नाहीत, लग्न तलासरीच्या हॉलमध्ये करायचं.

"हॉलमध्ये टाइल्स आहेत," आजी म्हणाल्या. "टाइलवर पीठ धरत नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वास्तुविशारदाच्या गाडीतून आम्ही झरीला गेलो. मुलगा घरी होता. घर कुडाचं, वर कौलं, मध्ये मेढ. भेग खरी होती. बेळक्याच्या मधोमध सुरू होऊन हातभर खाली गेली होती. वरच्या बाजूला तिच्यात माझी दोन बोटं गेली.

वास्तुविशारद स्टुलावर चढली, टॉर्च लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे झाड कोणी निवडलं?"

आजींनी नवऱ्याकडे पाहिलं. आजोबा कौलांकडे पाहत होते.

"बेळकं दोन जातींचं असतं," ती खाली उतरून म्हणाली. "एक वाटीसारखं, पसरट. तिथे दोन्ही फांद्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ते मजबूत. दुसरं चिमट्यासारखं, अरुंद. त्यात फांद्या वाढताना मध्ये साल अडकते. बाहेरून वाटतं जोडलेलं आहे, पण आत दोन्ही फांद्या नुसत्या शेजारी उभ्या असतात. हे चिमट्यासारखं आहे."

"मी तेव्हाच बोलले होते," आजी म्हणाल्या.

"काय बोलली होतीस?"

"हेच. की चिमटं आहे, दुसरं बघ. तर तू म्हणालास, ऊन झालंय, जेवायला जायचंय."

"ऊन झालं होतं," आजोबा म्हणाले.

"बेचाळीस वर्षं मी त्या जेवणाखाली झोपते."

मुलगा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. तो म्हणाला, "बरं झालं, मॅडमनीच सांगितलं. हॉल बुक करतो." एवढ्या जाडीचं नवं ऐन आणायचं तर जंगल खात्याची परवानगी लागते आणि लग्नाला दीड महिना होता, हे त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

वास्तुविशारद म्हणाली की झाड बदलायची गरज नाही, सांधा बाहेरून धरून ठेवता येईल. खेकडा नांगीत जसं पकडतो तसा एक नायलॉनचा आकडा ती छापून आणेल, नेमका या बेळक्याच्या मापाचा. तिने फोन काढला आणि मेढीभोवती फिरत बेळक्याचं स्कॅन घेतलं.

आठ दिवसांनी आकडा आला. पांढरा, सुंदर, बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजणारा. तो बेळक्यावर बसेना. एका बाजूला त्यात एक विचित्र फुगवटा होता, वर दोन टोकं असलेला. वास्तुविशारदाने लॅपटॉपवर फिरवून फिरवून बघितलं. फुगवट्याचं कारण मुलाने शोधलं. स्कॅन घेतलं त्या दिवशी आजोबांचा गुलाबी शर्ट बेळक्यावर टांगलेला होता. आकड्यात शर्टाची कॉलर छापली गेली होती.

"निसर्गप्रेरित," मी म्हणाले. वास्तुविशारदाने माझ्याशी अर्धा तास बोलणं टाकलं.

आजोबांनी तो आकडा ठेवून घेतला. मुलाने तो दाराजवळच्या वाशाला ठोकून दिला. शर्ट आता त्यावर टांगतात. कॉलर बरोबर बसते.

मुलगा कारखान्यात रोज लोखंड जोडतो. आकडा बसेना तेव्हा तो स्टुलावर चढला, सुतळीने बेळक्याचा घेर मोजला आणि सुतळीला गाठी मारून खिशात टाकली. पुढच्या रविवारी तो दोन लोखंडी पट्टे घेऊन आला, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेले, आणि एक लांब बोल्ट. वास्तुविशारद आली होतीच. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही भांडून. ती म्हणाली बोल्ट भेगेच्या वर हवा, जिथे फांद्या फाकतात तिथे. तो म्हणाला तिथे लाकूड कमी आहे. तिने पाठीच्या मणक्याचं उदाहरण दिलं. त्याने टेम्पोच्या मागच्या दाराचं दिलं. बोल्ट वर बसला, त्याने सांगितल्यापेक्षा चार बोटं वर आणि तिने सांगितल्यापेक्षा दोन बोटं खाली.

त्याआधी त्यांनी आढ्याखाली टेम्पोचा जॅक लावून आढं अंगठाभर उचललं, म्हणजे बेळक्यावरचा भार गेला. मग पट्टे आवळले. लाकूड करकरलं. आजोबा खाटेवर बसून होते. ते म्हणाले, "असंच माझ्या गुडघ्याला करा." कोणी लक्ष दिलं नाही. पट्टे आवळल्यावर भेगेत माझं एकच बोट जात होतं, तेही करंगळी. जॅक काढला. आढं खाली बसलं. सगळे वर बघत राहिले.

"झालं," वास्तुविशारद म्हणाली. "हे आता हलणार नाही."

"तुम्ही म्हणता," मुलगा म्हणाला. "तुमच्या बांबूचं पण तुम्ही म्हणत होता."

बोर्डीचा मांडव तोपर्यंत अर्धाच उभा होता.

तेव्हा आजी म्हणाल्या, "मग काय केलं म्हणजे तुला पटेल?"

भेग हलते की नाही हे बघायची एक जुनी रीत मला माहीत होती. तडा गेलेल्या इमारतींच्या बातम्या करताना अभियंत्यांकडून ऐकलेली. भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची. भेग वाढली तर पट्टी फाटते. मी हे सांगितलं. मुलाला पटलं, कारण यात कोणाचं मत लागत नव्हतं. त्याने अट घातली: पंधरा दिवस पट्टी टिकली तर लग्न घरात, फाटली तर हॉल. निकाल मी द्यायचा, कारण मी पेपरवाली आणि दोन्हीकडची नाही.

कागद शोधला तर माझ्या पिशवीत जुनं पत्रक सापडलं. त्यातला 'सांधे' हा शब्द पट्टीच्या मापाचा होता. तेवढी पट्टी कापून आजींनी केलेल्या पिठाच्या खळीने मी ती भेगेवर आडवी लावली. माझ्या व्यवसायातल्या माणसाला एका खुणेवर भरवसा नसतो, म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या आणि अंतर मोजलं: सेहेचाळीस मिलिमीटर. ते वहीत लिहिलं. रेघांबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही.

ते पंधरा दिवस आजींनी कसे काढले ते मला नंतर नातीकडून कळलं. कोंबड्या बाहेर. मांजर बाहेर. दार आपटणाऱ्याला शिवी. नातीने घरात स्पीकरवर गाणं लावलं तर आजी म्हणाल्या, "हळू लाव, तुझंच लग्न फाटेल." आजोबा मात्र पट्टीकडे बघतही नसत. मेढीला काही झालेलंच नाही, हे त्यांचं म्हणणं कायम होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी झरीला पोचले. मुलगा सुट्टी टाकून आला होता. आजी चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत होत्या. आजोबा खाटेवर गुडघ्याला तेल लावत होते.

मी स्टुलावर चढले. भेगेवर आडवी पट्टी होती. अखंड. दोन्ही कडा चिकटलेल्या.

पट्टीवर 'मोफत' असं छापलेलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. शब्द दोनदा वाचायची सवय नोकरीत लागली आहे. मग खिशातली मोजपट्टी काढून पेन्सिलीच्या रेघांमधलं अंतर मोजलं. सेहेचाळीस. दुसऱ्यांदा मोजलं. सेहेचाळीस. लोखंडी पट्ट्यांचे नट तपासले. ते होते तिथेच होते.

"काय?" मुलगा खालून म्हणाला. "फाटली?"

मागे चुलीतली फुंकर थांबली. खाटेवरचा तेलाचा हातही थांबला.

"पट्टी फाटलेली नाही," मी म्हणाले. "भेग वाढलेली नाही. मी मोजली आहे."

या तीन वाक्यांतलं प्रत्येक खरं होतं. आधीची पट्टी कशाने गेली, मांजराने, कोंबडीने, उन्हाने की कोणाच्या बोटाने, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि अजूनही नाही. पुष्टी न झालेली गोष्ट मी कधी छापली नाही.

मुलगा स्टुलावर चढला, वर हात लावला, बोल्ट हलवून बघितला, आपणच केलेल्या पट्ट्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि खाली उतरला. "मग घरात," तो म्हणाला, आणि हॉलवाल्याला फोन करायला अंगणात गेला.

आजी उठल्या. मोठ्या टोपात तांदूळ घेतले आणि भिजत घातले. पिठासाठी.

"आता तरी पटलं?" आजोबा म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय."

"तू गप तेल लाव," आजी म्हणाल्या.

लग्न ठरल्या दिवशी झालं. चौक भिंतीवर निघाला. गाणाऱ्या बायका मेढीखाली बसल्या; मी मोजल्या, अडतीस होत्या. अंगणात स्पीकर एवढा मोठा होता की कौलं थरथरत होती. मुलगा दर तासाला आत येऊन वर बघून जात होता आणि आपण पाणी प्यायला आलो असं दाखवत होता. पाणी अंगणात होतं.

वास्तुविशारद दुपारी आली. बोर्डीचा मांडव तिने तोपर्यंत पूर्ण केला होता. नायलॉनच्या सांध्यांची छिद्रं मोठी करून आत सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं होतं. ही कल्पना कोणाची, हे तिने पाहुण्यांसमोर मुलाकडे बोट दाखवून सांगितलं. मुलगा पाणी प्यायला आत गेला.

येताना तिने आजोबांसाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता, औषधाच्या दुकानातला, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला. आजोबांनी तो लगेच लेंग्यावरूनच चढवला आणि अंगणात चार पावलं चालून दाखवलं.

"मोफत," ती म्हणाली. "पत्रकात लिहिलं होतं तसं. आता ते पत्रक मला द्या. आठवण म्हणून ठेवते."

"पत्रक नाय," आजोबा म्हणाले. त्यांचा हात गुलाबी शर्टाच्या खिशावर गेला. "हरवलं."

"खिशात तर आहे," नात म्हणाली.

"ते दुसरं आहे."

"दे की," आजी म्हणाल्या. "रोज उठून दाखवत होतास सगळ्या गावाला. मिळालं ना आता?" त्यांनी खिशातून कागद ओढून काढला आणि वास्तुविशारदाच्या हातात दिला.

तिने घडी उलगडली. आजी आणि मी तिच्या दोन बाजूंना उभ्या होतो. घडी 'सांधे' या शब्दावरून गेली होती आणि तिथे कागद विरून जाळीसारखा झाला होता. त्याच्या खाली, 'मार्गदर्शन'च्या आधी, बोटभर रुंद आणि तीन बोटं लांब भोक होतं. त्याच्या चारही कडा ब्लेडने कापलेल्या, सरळ होत्या.